माझ्या आईची मृत्युनोंद

माझी आई सदुसष्ट वर्षं जगली. न्यूझीलंडमधल्या एका कुटुंबाने छापून घेतलेल्या वंशावळीत मात्र ती दोन वर्षांची असताना तोंडवलीत तापाने वारली, असं लिहिलेलं आहे. ती माहिती त्यांना मी पुरवली. ती खोटी आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. आता मी नव्वदीला टेकलो आहे आणि ही गोष्ट माझ्याखेरीज फक्त माझ्या धाकट्या बहिणीला ठाऊक आहे, म्हणून लिहून ठेवतो. नावं कोणाचीच घालत नाही.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि मी मालवणात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. माघातल्या एका सकाळी साहेबांनी एक पाकीट माझ्या टेबलावर टाकलं. पत्ता होता 'मीठ खात्याचे अधिकारी, मालवण' आणि त्याच्यावर चार ठिकाणचे शिक्के होते. मीठ खात्याचं दप्तर फार पूर्वी आमच्या कचेरीत येऊन पडलेलं, त्यामुळे पाकीटही फिरत फिरत आमच्याकडे आलेलं.

"तुमचं इंग्रजी बरं आहे," साहेब म्हणाले. "बाई काय विचारतात बघा आणि कळवून टाका. विषय संपवा."

पत्र लिहिणारी बाई पन्नाशीची, शाळेत शिकवणारी. तिचे वडील आदल्या वर्षी वारले होते आणि ती भावाच्या मदतीने घराण्याची वंशावळ तयार करत होती. इंग्लंडच्या पश्चिमेकडचं एक खेडं, तिथे चार पिढ्या दगड घडवणारी माणसं. त्यांतला एक मुलगा हिंदुस्थानात मीठ खात्यात नोकरीला आला, चार वर्षांनी परत गेला, लग्न केलं आणि गावात काम मिळेना म्हणून बायको आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन न्यूझीलंडच्या बोटीत चढला. ही बाई म्हणजे ती मुलगी. दीड महिन्याच्या त्या प्रवासातली तिला फक्त मिठात खारवलेल्या मांसाची चव आठवत होती. वडिलांनी तिकडे मेंढ्या पाळल्या, सफरचंदं लावली आणि हिंदुस्थानाबद्दल पन्नास वर्षं चकार शब्द काढला नाही. शेवटच्या आजारात मात्र ते तोंडवली नावाच्या गावाबद्दल बोलायला लागले. माडांच्या बागेतलं घर, तिथली एक बाई आणि तिला त्यांच्यापासून झालेली मुलगी. मुलगी दोन वर्षांची असताना चुलीवर पडली होती, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता आणि तो हात बांधलेला असतानाच ते बोटीत चढले होते. मरायच्या आधी ते सारखं एकच विचारत होते, पोरीचा हात बरा झाला का?

ती मुलगी किंवा तिची मुलंबाळं हयात असतील तर त्यांचा पत्ता मिळेल का, एवढीच बाईची विनंती होती. खाली तोंडवलीच्या त्या बाईचं नाव इंग्रजीत जसं जमेल तसं लिहिलेलं. ते माझ्या आजीचं नाव होतं.

आजी माझ्या जन्माआधीच वारलेली. तिचा नवरा गलबतावर तांडेल होता आणि वादळात गेला, असं तिने सगळ्यांना सांगितलेलं. तोंडवलीला भावाच्या आश्रयाने राहून तिने मुलीला वाढवलं आणि चौदाव्या वर्षी मालवणातल्या एका भुसारी दुकानदाराच्या मुलाला दिली. तो दुकानदाराचा मुलगा म्हणजे माझे वडील. आईच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत सुरकुतलेली, गुळगुळीत कातडी होती. डोळे घारे होते, पण कोकणात घाऱ्या डोळ्यांचं कोणाला काय नवल!

मी दप्तरखान्यात गेलो. जुन्या लाल रुमालात बांधलेले हजेरीपट सोडले. मीठ खात्यातल्या त्या साहेबाचं नाव सापडलं, बोटीने गेल्याची तारीख सापडली. आईच्या वयाशी ती जुळत होती. मी रुमाल पुन्हा बांधून जागेवर ठेवला.

पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली आणि ती परक्या माणसाला समजावून सांगावी लागेल. आमच्याकडे आश्विनातल्या पहिल्या दिवशी आजेपाडवा असतो. देवघरात घट बसतात आणि त्याच दिवशी, ज्याचे वडील हयात आहेत असा मुलगा आपल्या आईच्या वारलेल्या वडिलांना तीळपाणी देतो. आईला तिच्या वडिलांची तिथी ठाऊक नव्हती, त्यामुळे हा एकच दिवस तिच्या हाती होता. मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून ती मला पाटावर बसवायची. भटजी गोत्र विचारायचे, आई आतून सांगायची, "म्हायत नाय," आणि भटजी काश्यप म्हणून पुढे सरकायचे. आजोबा जिवंत असतील तर हा विधी करायचा नसतो, एवढं आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. आणि मी वीस-बावीस वर्षं एका धडधाकट माणसाला, तो तिकडे मेंढ्या कातरत असताना, मेलेला समजून भलत्याच नावाने पाणी सोडत आलो होतो.

आईला हे ताबडतोब सांगायला हवं होतं. घर कचेरीपासून दहा मिनिटांवर. मालवणच्या धक्क्यावर म्हातारा खलाशी दिसला की ती अजूनही त्याला थांबवून विचारायची, "तुमका अमको तांडेल म्हायत होतो काय हो? कोणी गेल्याची तिथ सांगल्यान तरी पुरे माका." लोक हसायचे. वडील म्हणायचे, "अगो, साठ वर्सा झाली. आता खंयचो तांडेल गावतलो?" तरी ती विचारायची.

पण त्याच महिन्यात बहिणीचं लग्न ठरलं होतं. वैभववाडीकडचं घराणं. मुलाचे काका तोंडवलीपर्यंत जाऊन आजोळची चौकशी करून आलेले. आजोबा तांडेल होते हे ऐकून ते म्हणाले होते, "बरां. दर्यार गेलेलो माणूस म्हणजे कुळाक डाग नाय." मी पत्र तीन दिवस खिशात बाळगलं. चौथ्या दिवशी उत्तर टाइप केलं. जुनी दप्तरं काळजीपूर्वक तपासता असं आढळतं की, सदर स्त्री आणि तिची दोन वर्षांची मुलगी दोघीही साहेब गेले त्याच पावसाळ्यात तापाच्या साथीत वारल्या.

इतकंच करून सुटेन असं वाटलं होतं. वैशाखात लग्न झालं. ज्येष्ठात दुसरं पत्र आलं. बाईने आभार मानले होते. त्यांच्या चर्चमध्ये त्या मुलीसाठी प्रार्थना झाली होती. वंशावळीत पुरावा जोडावा लागतो म्हणून मृत्युनोंदीची खरी नक्कल पाठवता का, असं तिने नम्रपणे विचारलं होतं. नक्कल नाही म्हणावं तर पहिलं पत्र खोटं पडत होतं. मी कोऱ्या कागदावर एक नोंद तयार केली, खाली 'मूळ दप्तरावरून नक्कल' असं लिहिलं आणि साहेब जेवायला गेलेले असताना कचेरीचा शिक्का मारला.

त्या शिक्क्याने मला बांधून ठेवलं. बाई दर नाताळाला कार्ड पाठवायची आणि मध्ये एखादं पत्र. ते कचेरीच्या पत्त्यावर यायचं. मी त्या टेबलावर नसतो आणि दुसऱ्या कोणी फोडलं असतं, तर त्याने नक्की दप्तर काढलं असतं. म्हणून मी टेबल सोडलं नाही. रत्नागिरीला बढतीवर जायची संधी आली, मी आईच्या तब्येतीचं कारण दिलं. कुडाळला बदली निघाली, मी साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. आई खणखणीत होती, रोज विहिरीचं पाणी काढत होती. माझ्यामागून आलेले दोघे माझ्यावर साहेब झाले. सुट्टी घ्यायचो तीही टपाल येऊन गेल्यावर.

कचेरीतल्या शिपायाला याची मोठी गंमत वाटायची. पाकीट हवेत नाचवत तो ओरडायचा, "भाऊनू, मड्डमीचा पत्र इला! औंदा तुमका घेवनच जातली ती!"

"गप रे. सरकारी काम आसा."

"सरकारी कामाक कार्डार फुला कित्या असतत?"

एका वर्षी ती छापील वंशावळ आली. मजबूत कागदावरची लांब घडी. खाली दगड घडवणारे पूर्वज, वर न्यूझीलंडची नातवंडं. मध्ये डावीकडे एक बारीक फांदी बाहेर काढलेली, तिच्या टोकाला आमच्या आजीचं नाव आणि त्यापुढे 'एक कन्या, दोन वर्षांची असताना तोंडवलीत तापाने मृत'. पुढे काही नाही. मी, माझी बहीण, तिची तोवर झालेली दोन मुलं, कोणीच नाही. ती घडी मी हजेरीपटांच्याच रुमालात ठेवली.

आजेपाडवा दर वर्षी येत होता. खरं नाव आणि मृत्यूची खरी तारीख मला त्या घडीवरून ठाऊक होती. मी जुन्या पंचांगात बघून तिथीही काढली होती. तरी पाटावर बसलो की तेच तांडेलाचं नाव घ्यायचो. आई दाराशी हात जोडून उभी असायची आणि झाल्यावर विचारायची, "नीट घेतलंस मां रे नाव?"

"घेतलंय गो आये."

सात वर्षं अशी गेली. मग पत्र आलं की बाई इंग्लंडला आपलं मूळ गाव बघायला निघाली आहे आणि वाटेत मुंबईला उतरून मालवणला येणार. त्या मुलीला जिथे पुरलं ती जागा तिला बघायची होती. उत्तर पाठवायला वेळच नव्हता. ती आगबोटीने आली, पडावातून धक्क्यावर उतरली. उंच, डोक्याला गवती टोपी, कापडी बूट. मी तिला तोंडवलीला नेलं आणि माडांच्या मागची वाळूची एक उंचवट्याची जागा दाखवली. तिथे काहीच नव्हतं, कधी काही नव्हतंही. ती तिथे गुडघे टेकून बसली आणि रडली. मी तिची टोपी धरून उभा राहिलो.

परत आलो तोवर मड्डम आल्याचं सगळ्या मालवणाला कळलं होतं. आई दारातच उभी.

"हॉटेलात जेवक घालतलंस तिका? इतक्या लांबसून इली ती! लोका शेण घालतली माझ्या तोंडात. घराक हाड."

"तिका आमचा तिखट सोसाचा नाय."

"सोसात. तू हाड."

वडील दुकानात होते. मी, आई आणि ती बाई, तिघंच जेवणघरात. आईने सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी केलेली. बाईला पाट जमेना म्हणून तिला स्टूल दिलेलं, त्यामुळे ती आमच्यापेक्षा हातभर उंच बसलेली. ती एक घास घ्यायची आणि डोळे पुसत हसायची. मग ती मला म्हणाली, "तुमच्या आईंना विचारा ना, लहानपणी त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडून मिठाच्या साहेबाबद्दल काही ऐकलं होतं का?"

मी आईकडे वळलो. "विचारता, कढयेत थोडी साखर घातलंस तर चलात काय."

आई खदखदून हसली. "सुंगटांच्या कढयेत साखर? सांग तिका, माझो घोव माका घराभायर काढीत!"

"आईने काही ऐकलेलं नाही," मी इंग्रजीत सांगितलं.

"मग त्या हसल्या कशाला?"

"परक्या माणसापुढे आमच्याकडच्या बायका लाजतात आणि हसतात."

बाईने मान डोलावली. आईला आता चेव आला होता. तिने मला कोपराने ढोसलं. "इचार तिका, बापूस आसा?"

"नाय. वारलो. आठ वर्सा झाली असतली."

"आजारी होतो? कोण होता जवळ? इचार ना रे!"

हे मी नीट विचारलं. बाई म्हणाली की तीच जवळ होती, त्यांचा हात तिच्या हातात होता, जुलै महिना होता आणि त्यांच्याकडे जुलैत थंडी असते. मी सांगितलं. आईने पदराने ओठ पुसले. "बरा झाला. चेडू जवळ होता. तिका तिथ म्हायत आसा मां?"

"आसा."

"नशीब तिचा," आई म्हणाली. "माका ती पण म्हायत नाय."

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही. बाई वाट बघत राहिली, मी भात कालवत राहिलो.

आई वाढायला उठली. वाकून भात घालताना बांगड्या खाली घसरल्या आणि उजवा हात बाईच्या डोळ्यांसमोर आला. बाईच्या हातातला चमचा थांबला. तिने त्या कातडीकडे बोट केलं. आईला हा प्रश्न आयुष्यभर सगळ्यांनी विचारलेला, भाषेची गरज नव्हती. "ह्या? ल्हानपणचा," ती म्हणाली. "चुलीर पडलंय. बापाशीन उचलून धावत नेल्यान म्हणत." आणि तेव्हा आपण केवढ्या होतो हे दाखवायला तिने तळवा जमिनीपासून वीतभर-दोन वीत उंचीवर धरला.

एका म्हाताऱ्याने मरताना विचारलेला प्रश्न घेऊन ती बाई समुद्र ओलांडून आली होती. बरा झालेला हात तिच्या ताटावर होता. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या मनात शिक्का आला, साहेब आले, वंशावळीतली ती फांदी आली. मी म्हणालो, "गेल्या दिवाळीत तेल उडालं."

आईचा तळवा अजून तसाच जमिनीजवळ होता. बाईने तो पाहिला, मग मला पाहिलं, मग खाली मान घालून ताटातलं सगळं संपवलं. निघताना आईने तिची ओटी भरली. नारळ कुठे धरायचा ते तिला कळेना, आईने तिच्या झग्याचा घोळ पुढे ओढून त्यात ठेवला. बाईने आईचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. आई मला म्हणाली, "अरे, कित्या रडता ती? कढी झोंबली काय?"

धक्क्यावर पडाव लागला होता. ती म्हणाली, "एकच विचारते. ती नोंद तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती?"

"होय."

"बरं," ती म्हणाली आणि पडावात उतरली. नारळ तिने मांडीवर धरला होता.

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. नाताळाचं कार्डही बंद झालं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिला सगळं कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. मग ती बोलली का नाही? मी अनेक वर्षं विचार करून एकाच उत्तराशी येतो. तिला वाटलं असणार की हे आईच्याच मर्जीने चाललं आहे, या बाईला गोऱ्या माणसाची मुलगी म्हणवून घ्यायचं नाही आणि म्हणून तिचा मुलगा खोटं बोलतो आहे. तिने ते मानलं आणि ती निघून गेली.

आई पुढे दोन वर्षं विचारत राहिली, "मड्डमीचा पत्र नाय रे? पोट बिघाडला काय तिचा माझ्या कढयेन?" मग एका पावसाळ्यात ती तीन दिवसांच्या आजाराने गेली.

तेराव्यानंतर बहीण सासरी निघायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं. ती मागल्या पडवीत आईची लुगडी घड्या करत होती. तिने मध्ये एकदाही हात थांबवला नाही.

"तुझ्या लग्नासाठी केलंय मी," मी म्हणालो.

"माझा लगीन वैशाखात झाला, दादा. मगे एवढी वर्सा कोणाक भियत होतंस?"

"तुझ्या सासरच्यांक."

"माझी सासू पयल्याच वर्साक माका म्हणाली, तुझे डोळे मड्डमीवरी आसत, आमच्या काळ्या घराण्यात जरा उजेड इलो. सगळी हसली होती. माझा नाव मध्ये हाडू नको." तिने लुगडं गाठोड्यात ठेवलं. "आये तुझ्या बाजूक बसलेली. तिची भयण समोर बसलेली. तुका कोणाची भीती होती ता सांग."

"नोकरीची," मी म्हणालो. "शिक्क्याची."

"हां," ती म्हणाली. "आता खरा बोललंस."

त्यानंतरही मी हे लिहिलं नाही. आमच्यासारख्या घरात कायम कोणाचं तरी लग्न ठरत असतं. आधी माझी मुलं, मग बहिणीची, मग नातवंडं. नोकरी संपली तरी पेन्शन होतं. कारण मिळत गेलं. आता कोणाचं लग्न राहिलेलं नाही आणि माझं पेन्शन कोणी काढून घेतलं तरी औषधापुरता मुलगा देईल.

ती बाई आता नसणार. तिच्या भावाची मुलं-नातवंडं असतील. त्या वेळचा पत्ता माझ्याकडे आहे, त्यावर मी हे इंग्रजीतही लिहून पाठवतो आहे. पोचेल की नाही, ठाऊक नाही. पोचलं तर त्यांनी त्या घडीवरच्या डावीकडच्या फांदीत दुरुस्ती करावी. मृत्यूची नोंद मी बनवलेली होती, तशी नोंद कुठल्याच दप्तरात नाही. मुलगी जगली, तिचं लग्न झालं, तिला मुलगा आणि मुलगी झाली, पुढचं सगळं वेगळ्या कागदावर लिहिलं आहे.

आणि तुमच्या आत्याने घरी जाऊन काही वेगळं सांगितलं असेल तर तेही दुरुस्त करा. माझ्या आईने तिला नाकारलं नव्हतं. आईला कोणी विचारलंच नव्हतं. समोर बसून कोण जेवतं आहे, हे तिला मरेपर्यंत ठाऊक नव्हतं. दोघींच्या मध्ये मी बसलो होतो.